चिल्लर चाळताना

ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट घरात असेल तर तिचे लाखो रुपये येतात, असा निरोप तुमच्याही मोबाइलवर कधीतरी आला असेल. वैष्णोदेवीचं नाणं असेल तर आणखी जास्त, आणि क्रमांकात ७८६ असलेली नोट असेल तर विचारूच नका! हे निरोप सरळ पुसून टाका. वैष्णोदेवीची पाच आणि दहा रुपयांची नाणी २०१२ साली रोजच्या वापरासाठी भरपूर पाडली गेली आणि आजही ती किराणा दुकानाच्या गल्ल्यात निघतात. जी वस्तू गल्ल्यात निघते तिचे लाख कोण मोजणार?

म्हणून रोजच्या पैशांत वेचण्याजोगं काहीच नसतं, असंही नाही. असतं, पण ते जाहिरातीतल्यासारखं ओरडून सांगत नाही. सालाखालच्या खुणेत, क्रमांकाच्या मध्ये बसलेल्या चांदणीत, धातूत किंवा छपाईच्या चुकीत ते लपलेलं असतं. शिवाय या छंदात तोटा नाही. दहाची नोट चाळून काही निघालं नाही, तरी ती दहाचीच राहते.

किंमत कशाने ठरते हे आधी डोक्यात पक्कं बसवा. किती पाडली किंवा छापली, त्यातली किती चांगल्या अवस्थेत उरली आणि ती हवी असणारे किती, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. वयाला लोक समजतात तेवढं महत्त्व नाही. तांब्याची साधी शिवराई दीड-दोनशे वर्षं जुनी असूनही फारशी महाग नसते, कारण ती अमाप पाडली गेली. उलट रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर अमिताव घोष १९८५ साली जेमतेम वीस दिवस त्या पदावर होते. त्यांच्या सहीची दहाची नोट संग्राहक हौसेने शोधतात. आजोबांच्या पोथीत किंवा ट्रंकेच्या तळाला ठेवलेल्या नोटांवरची सही म्हणूनच वाचून पाहावी.

सुरुवात नाण्यांपासून करा, कारण ती रोज हातात येतात. नाण्यावर साल दिसलं की त्याच्या खालची जागा पाहा. आपल्याकडे मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार टाकसाळी आहेत. मुंबईची खूण पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, हैदराबादची पाच टोकांची चांदणी आणि नोएडाचा नुसता ठिपका. कोलकात्याची खूणच नसते; सालाखाली जागा कोरी असेल तर नाणं कोलकात्याचं. हैदराबादने पूर्वी चौकटीचेही प्रकार वापरले आहेत, मध्ये ठिपका असलेली किंवा मधून दुभंगलेली. तेव्हा चौकट दिसली की घाईने ‘मुंबई’ लिहून मोकळं होऊ नका. खूप फिरलेल्या नाण्यावर चौकटीचे कोपरे झिजतात आणि तीही ठिपक्यासारखी दिसू लागते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि दिवा वरून न धरता बाजूने, तिरपा धरा. सावली पडली की खूण उठून दिसते.

आता एक आखीव वही करा. उभ्या रकान्यात सालं, आडव्यात चार टाकसाळी, आणि प्रत्येक मूल्याला वेगळं पान. एक रुपयाचं पान भरायला घेतलंत की लक्षात येईल, काही चौकोन पहिल्याच आठवड्यात भरतात आणि काही महिनोन्‌महिने रिकामे राहतात. रिकामा चौकोन राहण्याची दोन कारणं असू शकतात. एक तर त्या टाकसाळीने त्या साली ते नाणं पाडलंच नाही, किंवा पाडलं पण कमी पाडलं. कोणतं कारण खरं हे नाण्यांच्या छापील कॅटलॉगमध्ये पाहून घ्या, नाहीतर नसलेल्या नाण्यामागे वर्षं जातील. माझ्या मते या छंदाची खरी गोडी या वहीत आहे. एखादं ‘महागडं’ नाणं सापडण्याची वाट पाहत बसणारे दोन महिन्यांत कंटाळतात. वही भरणारे टिकतात.

दुसरं हत्यार चुंबक. एक रुपयाचं नाणं १९९२ पासून पोलादाचं झालं. त्याआधीचं तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं होतं. दोन रुपयांचं अकरा कोनांचं, भारताचा नकाशा असलेलं नाणंही तांबं-निकेलचंच. २००५ पासून त्याची जागा गोल पोलादी नाण्याने घेतली. पोलाद चुंबकाला चिकटतं, तांबं-निकेल चिकटत नाही. त्यामुळे एक-दोनच्या नाण्यांचा ढीग कागदावर पसरून त्यावरून चुंबक फिरवला की मागे राहतात ती जुनी, आधी पाहण्याजोगी. नदीच्या पुलाखाली दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. भाविकांनी टाकलेली पोलादी नाणी त्यांच्या चुंबकाला लागतात आणि संग्राहकाला हवी असलेली नेमकी गाळातच राहतात.

पाचच्या नाण्याला ही युक्ती अर्धीच लागू पडते. सध्याचं पिवळसर नाणं चुंबकाला चिकटत नाही आणि जुनं जाड तांबं-निकेलचंही चिकटत नाही. मधल्या काळातलं, २००७ च्या सुमाराचं पोलादी मात्र चिकटतं. धातूबदलाच्या त्या दोन-तीन वर्षांत निघालेली पाचची काही स्मारक नाणी दोन्ही धातूंत सापडतात. २००६ चं महात्मा बसवेश्वरांचं नाणं त्यातलंच. चित्र एक, साल एक, पण चुंबकाशी वागणं वेगळं! अशी जोडी मिळाली तर दोन्ही ठेवा. नऊ ग्रॅमचं ते जुनं जाड पाचचं नाणं बाजारातून दिसेनासं का झालं, याचंही कारण धातूतच होतं. ती नाणी वितळवून बांगलादेशात दाढीची पाती केली जातात, अशा बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत आल्या होत्या. नाणी वितळवणं कायद्याने गुन्हा आहे, हे ओघात सांगून ठेवतो.

सालाखालची खूण या चार टाकसाळींपैकी कोणाचीच वाटली नाही, तर थांबा. सुट्या पैशांची टंचाई झाली तेव्हा सरकारने परदेशातूनही नाणी पाडून घेतली. १९८५ च्या एक रुपयावर रोमन लिपीतला ‘एच’ दिसला तर ते बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीत पाडलेलं. त्याच सालाच्या रुपयावर चौकट सालाच्या मध्याखाली नसून पहिल्या आकड्याखाली असेल तर ते मुंबईचं नाही, ब्रिटनमधल्या लॅनट्रिसंटच्या टाकसाळीचं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा तीच वेळ आली. १९९९ आणि २००० च्या काही पाचच्या नाण्यांवर रशियन लिपीत तीन बारीक अक्षरं आहेत, ती मॉस्कोच्या टाकसाळीची. ही नाणी अतिदुर्मीळ नाहीत, पण खूण कुठे पाहायची हे ठाऊक नसल्यामुळे ती अजूनही दर्शनी किमतीत हातात पडतात.

स्मारक नाण्यांत मराठी वाचकाला आपला असा एक छोटा संच जमवता येईल. संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा एक रुपया, छत्रपती शिवाजी महाराजांचं त्याच वर्षीचं अकरा कोनी दोन रुपयांचं नाणं, संत तुकारामांचा २००२ चा रुपया, दादाभाई नौरोजींचं २००३ चं आणि लोकमान्य टिळकांचं २००७ चं पाचचं नाणं, डॉ. आंबेडकरांचा १९९० चा रुपया. त्यात रेल्वेच्या दीडशे वर्षांचं २००३ चं दोन रुपयांचं नाणंही घाला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ साली धावली त्याची ती आठवण, आणि त्यावर हातात कंदील घेतलेला भोलू नावाचा हत्ती गार्ड आहे. यातलं एकही नाणं तुम्हाला श्रीमंत करणार नाही. पण मूळ चमक शाबूत असलेलं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं रोजच्या चिल्लरीत शोधून दाखवा, म्हणजे ‘अवस्था’ या गोष्टीला संग्राहक एवढं का मानतात ते कळेल. झिजलेली पन्नास सापडतील, नाक शाबूत असलेलं एक सापडणार नाही. शंभर, पाचशे अशा मूल्यांची जी स्मारक नाणी टाकसाळ थेट विकते ती वेगळी. ती चलनात येतच नाहीत, म्हणून या शोधात धरू नका.

खरी किंमत असते ती चुकांना. नाणं अंगठा आणि तर्जनीत उभं धरा आणि उभ्या अक्षावर दारासारखं फिरवा. भारतीय नाण्याची मागची बाजूही सरळ उभी दिसायला हवी. ती आडवी किंवा उलटी दिसली तर साचा फिरलेला असताना नाणं पाडलं गेलं. थोडासा कल सर्रास असतो, त्याला कोणी विचारत नाही. पाव किंवा अर्ध्या फेऱ्याएवढा फरक असला तर वेगळं ठेवा. छाप मध्यावरून सरकून एका कडेला कोरी चंद्रकोर राहिलेली नाणी असतात. कधी आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढच्या नाण्यावर त्याचीच छाप उलटी, खोलगट उमटते. त्याला ब्रॉकेज म्हणतात आणि ते मिळालं तर खर्चू नका.

पण चूक आणि मोडतोड यांतला फरक ओळखायला हवा. पोरांनी रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं ही टाकसाळीची चूक नव्हे. दहाच्या नाण्याचा मधला भाग ठोकून काढायचा, उलटा बसवायचा आणि ‘दुर्मीळ’ म्हणून विकायचा, हाही धंदा चालतो. कडेला ठोकल्याचे ओरखडे दिसले की समजावं. दोन्ही बाजूंना छापाच असलेलं, ‘शोले’तल्या जयसारखं नाणं कोणी दाखवलं तर कौतुक करा आणि पुढे चला, दोन नाणी कापून जोडली की ते तयार होतं. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा असेल तर अर्धे वाद तिथेच मिटतात.

नोटांकडे वळू. नोटेवर चार गोष्टी वाचायच्या: सही, मागच्या बाजूला तळाशी असलेलं साल, क्रमांकाच्या पट्टीत मागे फिकट छापलेलं अक्षर, आणि खुद्द क्रमांक. साल छापायला २००५ पासून सुरुवात झाली. त्याआधीच्या, साल नसलेल्या नोटा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून मागे घ्यायला सुरुवात केली. बँकेत गेलेली अशी नोट पुन्हा बाहेर येत नाही. क्रमांकामागचं अक्षर मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गव्हर्नर तोच, साल तेच, तरी हे अक्षर बदललं की संग्राहकाच्या लेखी ती वेगळी नोट होते, आणि अक्षर मुळीच नसलेली आणखी वेगळी. एक रुपयाची नोट रिझर्व्ह बँकेची नसून भारत सरकारची असते आणि तिच्यावर गव्हर्नरऐवजी वित्त सचिवांची सही असते. १९९४ नंतर थांबलेली ही नोट २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

चांदणीची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. छापताना काही नोटा बिघडतात आणि तपासणीत बाद होतात. पूर्वी त्याच क्रमांकाची दुसरी नोट छापून भरपाई केली जायची. २००६ पासून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत हे बदललं. बाद नोटेच्या जागी क्रमांकाच्या आद्याक्षरांनंतर चांदणी असलेली नोट घातली जाऊ लागली. पुढे ही पद्धत मोठ्या मूल्यांत आली आणि पाचशेच्या नोटेवर चांदणी डिसेंबर २०१६ मध्ये पहिल्यांदा दिसली. जुलै २०२३ मध्ये चांदणीच्या नोटा खोट्या असल्याची अफवा पसरली, तेव्हा त्या पूर्णपणे कायदेशीर असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला. अशा अफवेच्या दिवसांत दुकानदार त्या नोटा नको म्हणतात; तुम्ही आनंदाने घ्या. ज्या गड्डीत चांदणीच्या नोटा असतात, तिच्या पट्टीवर तसा उल्लेख असतो. कॅशियर ओळखीचे असतील तर ही पट्टी पाहायला सांगता येईल. वापरून मळलेल्या चांदणीच्या नोटेला फारसं मोल नाही, करकरीत असेल तरच ठेवा.

क्रमांकांची हौस हा वेगळाच प्रांत. सहाही आकडे सारखे, १२३४५६ असे चढते, किंवा उलटसुलट सारखेच वाचता येणारे ३४६६४३ सारखे. ०००००१ सगळ्यांना हवा असतो, पण प्रत्येक मालिकेची शेवटची नोट सात आकडी, १०००००० अशी असते हे फार थोड्यांना माहीत असतं. ७८६ ला मागणी आहे ती श्रद्धेची. दर हजार नोटांत शेवटी ७८६ येणारी एक नोट असतेच, हे लक्षात ठेवून किंमत मोजावी. नातेवाइकांच्या जन्मतारखा क्रमांकात शोधणारेही आहेत. १५०८४७ ची नोट हाती आली तर ती कोण खर्च करेल?

नोटांवरच्या छपाईच्या चुकाही पाहाव्यात: शाई अर्धवट उमटलेली, दोन बाजूंचे क्रमांक वेगळे, कापताना कोपरा दुमडून राहिल्याने जादा कागद शिल्लक राहिलेला. यातली शाई गायब असलेली नोट सर्वांत संशयास्पद समजा, कारण रसायनाने शाई उडवता येते.

शोधायचं कुठे, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. भाजीवाल्या मावशीसुद्धा क्यूआर कोड पुढे करतात, त्यामुळे मोड हातात येणंच कमी झालं. ज्यांच्याकडे अजून नाणी साठतात त्यांच्याशी मैत्री करा: देवळाचे पुजारी, एसटीचे कंडक्टर, पानवाले, टोलनाक्याजवळचे चहावाले. रोख देऊन तेवढीच चिल्लर घेतलीत तर त्यांचीही सोयच होते. देवळातल्या दानपेटीची मोजणी असते तेव्हा विश्वस्तांना विचारा. अनेक ठिकाणी चिल्लर न्यायला कोणी आलं की ते खूश होतात. दिवाळीच्या आधी लक्ष्मीपूजनासाठी कोऱ्या नोटांची गड्डी घेण्याची पद्धत आहे. ती पूजेत जाण्याआधी एकदा क्रमांक चाळून घ्या, कारण नंतर तिच्यावर हळदकुंकू पडतं आणि कोरी नोट कोरी राहत नाही. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणंही पाहण्यासारखं असतं. ते बहुधा नवंकोरं असतं. नखाने ओरबाडून काढू नका, पाकिटाचा तेवढा तुकडा कोमट पाण्यात टाका, डिंक सुटतो.

आणि तिथेच थांबा. चिंच, लिंबू, कोकमाचं आगळ, भांडी घासायची पावडर यांतलं काहीही नाण्याला लावू नका. ताम्हनासारखं लखलखीत झालेलं नाणं संग्राहक हातात घेऊन लगेच परत देतो. काळपट थर हा नाण्याचा भाग असतो आणि तो गेला की किंमतही जाते. नाणं कडेने धरा. नोट इस्त्री करू नका, लॅमिनेट तर अजिबात करू नका. मऊ, वासाच्या प्लास्टिकच्या पाकिटांत नाणी काही वर्षांत हिरवट, चिकट होतात, म्हणून नाणी-नोटांसाठीच मिळणारे अल्बम वापरा. आपल्याकडच्या पावसाळ्यात अल्बम भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नये.

जुन्या पाचशे-हजारच्या नोटांबाबत सावध राहा. २०१७ च्या कायद्यानुसार बाद झालेल्या अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे. दंड दहा हजार रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो जास्त असेल तो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बाद झाली, पण ती ठेवायला हरकत नाही. पन्नास पैसे अजूनही कायदेशीर चलन आहे, दुकानदार काहीही म्हणोत.

विकायचं झालं तर एक नियम पाळा: विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे नसतात. तुमच्या नाण्याचा फोटो पाहून लगेच लाखांची बोली लावणारा, आणि मग नोंदणी, जीएसटी, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र अशा नावांनी हजार-दोन हजार मागणारा माणूस नाणं घ्यायला कधीच येत नाही. रिझर्व्ह बँक अशा खरेदी-विक्रीत नसते आणि त्यासाठी कोणतंही शुल्क घेत नाही, असा इशारा तिने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. त्यापेक्षा पुण्या-मुंबईत भरणाऱ्या नाण्यांच्या प्रदर्शनात जा आणि एकच वस्तू तीन व्यापाऱ्यांना दाखवा. तिघांचे आकडे ऐकले की बाजारभावाचा अंदाज येतो. नजर तयार करायची असेल तर फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आणि नाशिकजवळ अंजनेरीचं नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहून या.

राहिला प्रश्न चाळून उरलेल्या ढिगाचा. कायद्याने एक रुपया आणि त्यावरच्या मूल्यांची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पण किराणावाल्याला हजार रुपये सुटे मोजायला लावू नका. बँकांनी नाणी स्वीकारावीत अशा रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. एका मूल्याची शंभर नाणी एका पारदर्शक पिशवीत भरा आणि त्यावर आकडा लिहा, म्हणजे वजनावरूनही मोजता येतात. पगाराचा आठवडा टाळून दुपारी जा. आणि भरणा झाला की दुसऱ्या कुणी भरलेल्या नाण्यांची एखादी पिशवी बदल्यात मिळेल का, तेही त्याच खिडकीवर विचारा.